मुक्काम आधी ठरव

वाई

चि. बाळूस,

तू पाठवलेला नकाशा मी चष्मा लावून दोनदा पाहिला. हात चांगला आहे तुझा. मागे आडवा पलंग, मधे ओटा, चाकाच्या कमानीवर बसकं कपाट, ड्रायव्हरमागे न्हाणी, टपावर सोलर. मामीला तर टपावरची तुळससुद्धा आवडली. पण ही गाडी रात्री उभी कुठे राहणार, ते त्या कागदावर कुठेच नाही. जन्मभर एसटीच्या बॉडी सेक्शनला पत्रे ठोकले, म्हणून हे पत्र लिहितोय. मनाला लावून घेऊ नकोस आणि नुसतं वाचून बाजूलाही ठेवू नकोस.

पहिलं म्हणजे लिलावातली एसटी डोक्यातून काढ. १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून या लाल गाडीवर महाराष्ट्राचा जीव आहे. तुझाही असणार. पण १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की सरकारच्या, पालिकांच्या आणि राज्य परिवहनच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की तिची नोंदणी पुढे चालत नाही. ती मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात मोडीतच जायची. पत्रा मिळेल, सीट मिळेल, स्टिअरिंग भिंतीवर टांगायला मिळेल. पासिंगची गाडी मिळणार नाही. कोणी एजंट ‘कागद मी बघतो’ म्हणाला, तर चहा पिऊन उठ.

आता एक गंमत बघ. जुन्या बसचं दुसरं काही केलेलं कुठे कुठे टिकलं? केरळच्या महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये मुन्नारच्या डेपोत जुन्या बसमध्ये झोपायच्या जागा केल्या, पर्यटकांना स्वस्तात मुक्काम दिला. त्या बस डेपोतच उभ्या. पुण्यात २०१६ पासून पीएमपीच्या मोडीतल्या बसची बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली, ‘ती’ नावाची. तीही उभी. आपल्या एसटीने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सीट काढून, खिडक्या पत्र्याने बंद करून मालवाहू गाड्या केल्या. त्या धावल्या, पण त्यांत माणूस राहत नव्हता. माझ्या मते यातून एकच अर्थ निघतो. जुनी मोठी बस उभी राहिली तर उत्तम खोली होते. तिला रस्त्यावरही पळवायचं आणि तिच्यात संसारही करायचा, तर खर्च, कागद आणि जोखीम तिन्ही वाढतात.

म्हणून आधी स्वतःला विचार, तुला फिरायचं आहे की राहायचं आहे?

राहायचंच असेल तर बावधनच्या रस्त्याला आपला तुकडा पडून आहे. स्क्रॅपमधून बसची नुसती बॉडी आण, चार दगडी खांबांवर बसव आणि घर कर. आरटीओचा प्रश्नच नाही. ग्रामपंचायतीत मात्र विचार. चाकं काढली म्हणून बांधकाम होत नाही, असं तू म्हणशील. ग्रामसेवक तसं म्हणेलच असं नाही.

फिरायचं असेल तर मोठ्या बसचा हट्ट सोड आणि एकूण वजन ७,५०० किलोच्या आत बसेल अशी शाळेची किंवा कंपनीच्या ने-आणीची मिनीबस बघ. त्याच्या वरचं वजन म्हणजे जड वाहनाचं लायसन्स आलं, आणि हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय त्याचं शिकाऊसुद्धा मिळत नाही. शिवाय बारा मीटरची गाडी मेणवलीच्या गल्लीत शिरली तर रिव्हर्समध्ये बाहेर कोण काढणार? मी नाही.

कागदांचं नीट ऐक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही, असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. म्हणजे तीस सीटची बस आरसीवर तशीच ठेवून आत पलंग टाकलास, तर ती गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत बसते. तेव्हा वाट आहे, पण ती सुतारापासून सुरू होत नाही. ज्याच्याकडे मंजूर डिझाइन आहे असा बॉडीबिल्डर गाठ, साताऱ्याच्या आरटीओत जाऊन लेखी विचार, आणि मगच सीटचा पहिला बोल्ट खोल.

गाडी बघायला जाशील तेव्हा रंग बघू नकोस. रंग कालचा असतो. खाली झोपून बघ. चासीवरचे आडवे सपोर्ट, मागच्या चाकाच्या कमानी आणि पायऱ्यांची चौकट, गंज या तीन ठिकाणी आधी बसतो. हातोडी हलकी मार. ठणठणीत वाजलं तर ठीक, फुसका आवाज आला तर आत पापुद्रे आहेत. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी ते आकडे वाच, जुनं रबर उन्हात फुटतं. पाणी कुठून येतं ते कळायला पाऊसच लागतो असं नाही. टपावर पाइप सोडून आत अर्धा तास बसून राहा. खिडकीच्या रबरातून आणि टपाच्या जोडातून थेंब दिसले की तिथे खडूने फुली मार. आपल्या वाईत ठीक आहे रे, पण पसरणीचा घाट चढलास की पाचगणी-महाबळेश्वरचा पाऊस आहे. तिथे एक थेंब गळणारी गाडी आठ दिवसांत बुरशीने भरते.

वजन हा तुझ्या नकाशातला सगळ्यांत कच्चा भाग. अठरा मिलिमीटरचा एक आठ-बाय-चार प्लाय तीस-पस्तीस किलो भरतो आणि तू असे वीस धरलेस. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि ते वळणावर हलतं. टाकी टपावर नको, खाली ठेव, दोन्ही धुऱ्यांच्या मधे, आत आडवे पडदे असलेली. ओटा, न्हाणी आणि बॅटऱ्या तू सगळं डाव्या अंगाला घेतलं आहेस. गाडी कलंडत चालेल आणि त्या बाजूचे पाटे लवकर बसतील. काम निम्मं झालं की वजनकाट्यावर ने. पुढची धुरी वेगळी तोल, मागची वेगळी तोल. घाटात भरल्या वजनाची गाडी ब्रेकवर उतरवत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरते. पसरणीच्या उतारावर गरम ब्रेकचा वास काय असतो, हे इथल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचार.

विजेचा हिशोब तू हौसेने केला आहेस, उन्हाने नाही. आठशे वॅटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला तीनेक युनिट देतील. त्यात दिवे, पंखा, छोटा फ्रिज, फोन आरामात. एक टनाचा एसी मात्र तासाला युनिटच्या आसपास खातो. एसी काढ. टपाखाली थर्माकोलपेक्षा चांगली, दाबलेली इन्सुलेशन शीट घाल, दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या खिडक्या ठेव आणि एप्रिलमध्ये सावली शोध. वाईत शूटिंगला व्हॅनिटी येतात त्या बघून तुला एसीची भुरळ पडली, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्यामागे दिवसभर काय घरघरत असतं तेही बघायचं होतंस. व्हॅनिटी म्हणजे जनरेटरच्या शेपटीला बांधलेली खोली.

आता जे तुला कटकटीचं वाटेल ते. तू मागच्या दाराला पलंग टेकवून ते कायमचं बंद केलं आहेस. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दाराच्याच अंगावर उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. ‘एवढ्याशा गाडीला दोन दारं कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर त्या रात्रीत आहे. एक दार एका अंगाला, दुसरी वाट मागे किंवा दुसऱ्या अंगाला, आणि ती आतून, अंधारात, एका हाताने उघडली पाहिजे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद ठेव आणि त्याला तळाशी, बाहेर उघडणारी जाळी दे. आग विझवायची नळकांडी ओट्याखाली लपवू नकोस, पलंगाजवळ टांग.

आणि मैला. तुझ्या नकाशात न्हाणीतून एक बाण निघून गाडीच्या बाहेर जातो आणि कागद संपतो. तो बाण कुठे जातो, बाळू? धोमच्या काठाला गाडी लावलीस तर कृष्णेत जातो. सुटी होणारी टाकी ठेव, ती भरली की कुठे रिकामी करायची ते निघण्याआधी ठरव. कृष्णाबाईच्या उत्सवात ज्या घाटावर आपण पानं वाढतो, तिथल्या पाण्यात तुझं घर उतरलेलं मला चालणार नाही.

इथेच परत मुक्कामावर येतो. माउलींच्या पालखीबरोबर दिंड्यांचे ट्रक चालतात, लोणंद, तरडगाव, फलटण करत. त्यात गाद्या, भांडी, शिधा, सगळं. कित्येक दिवसांचा फिरता संसार. तो मोडत नाही, कारण निघायच्या आधी प्रत्येक रात्रीची जागा ठरलेली असते. पाणी कुठे, चूल कुठे, माणसं कुठे बसणार कुठे उठणार, सगळं. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातही नुसत्या गाड्या नाहीत, कॅराव्हॅन पार्कही आहेत. म्हणजे सरकारलाही कळलं की चाकाला जागा लागते.

आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ तुला पाठ आहे. २००४ चा, आपल्या मेणवलीत चित्रित झालेला. त्यातला मोहन कॅराव्हॅन घेऊन गावात येतो ते कशासाठी? गावात आपली सोय होईल की नाही याची धास्ती म्हणून. लोक ती गाडी बघायला आजही मेणवलीत विचारत येतात, नाना फडणवीसांचा वाडा सोडून! मला त्या सिनेमातलं आवडतं ते वेगळंच. तो गाडीत बसून राहतो तोवर गोष्ट पुढे सरकत नाही. तुझी गाडी कुठल्या गावात उभी राहिली, तर आधी उतरून कोणाच्या तरी ओसरीवर जा, जागा विचार, पाणी विचार. न विचारता लावलेली गाडी रात्री बाराला उठवतात, आणि बरोबरच करतात.

पैशाचं मी बोलत नाही. तुझे आहेत, तू कमावलेस. फक्त गाडीला जेवढे धरले असशील त्याच्या निम्मे तरी टायर, ब्रेक आणि पासिंगसाठी बाजूला ठेव आणि पडदे शेवटी घे. तुझी आई पडद्यांपासून सुरुवात करणार हे मला दिसतंय.

रविवारी ये. तोवर एखादी मिनीबस नजरेत भरली तर तिची आरसी, फिटनेस, विमा आणि कराची पावती, चारींचे फोटो घेऊन ये. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलीने घासून ठसा घे आणि तोही आण. आरसीशी पडताळायला मला तो लागेल. विकणारा ठसा घेऊ देत नसेल तर गाडी बघायला जायची गरजच नाही. जेवायला थांबशील असं मामीने धरलं आहे.

तुझा
मामा