टिपण तुझ्या नावानं टाक

चि. ओंकारास,


कंपनीच्या नव्या अंतर्गत ग्रुपवर दुरुस्तीची टिपणं लिहावीत की नाही, असं तू विचारलंस. हातचं सगळं सांगून टाकलं तर आपल्याला कोण विचारणार, ही तुझी धास्ती मला कळते. तरी लिही.

झेरॉक्स कंपनीचं उदाहरण तर तुझ्याच धंद्यातलं. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात तिथल्या फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्यांबरोबर हिंडले. मॅन्युअलला दाद न देणारे बिघाड ही मंडळी खाता-खाता एकमेकांना किस्से सांगून सोडवतात, हे त्यांना दिसलं. पुढच्या दशकात कंपनीनं अशा युक्त्या साठवणारी ‘युरेका’ ही यंत्रणा उभी केली. तंत्रज्ञ टिपणं पाठवत, जाणकार सहकारी ती तपासत, मग ती सगळ्यांना मिळत. टिपणामागे पैसे देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा तंत्रज्ञांनीच ती नाकारली. टिपणावर नाव मात्र मागून घेतलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पैशासाठी माणूस ढीगभर लिहील, नावासाठी जपून लिहील.

आता तुझं काम घे. पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या कॉलला प्रिंट फिकी, डागाळलेली येते आणि नवी मुलं थेट ड्रम बदलायला घेतात. पुष्कळदा दोष उघड्या पडलेल्या रीमचा असतो. कागदानं ओल धरली की त्यावर विद्युतभार टिकत नाही, टोनर नीट उतरत नाही. पण ग्रुपवर नुसतं ‘कागद बदला’ लिहून भागणार नाही. मशीन कोणतं, प्रिंट कशी दिसत होती, आधी काय काय करून पाहिलंस, हे सगळं लिही. फसलेले उपाय तर वगळूच नकोस. पुढच्याचा अर्धा दिवस तिथेच वाचतो. कुणी चूक दाखवली तर मूळ टिपणातच दुरुस्ती कर, घाईतला माणूस खालच्या प्रतिक्रिया वाचत नाही. ग्राहकाचं नाव किंवा त्याच्या काचेवर राहिलेल्या कागदाचा फोटो मात्र कधीही टाकायचा नाही.

तुमच्यातले जुने लोक टाइप करायचा कंटाळा करतात. त्यांच्याबरोबर कॉलला जा, चहाला बस, ते बोलतील ते टिपून घे. लिहिलेलं त्यांना वाचून दाखव आणि त्यांच्याच नावानं टाक.

तुझा,
मामा