हॉटेलची मोरी

लोणावळ्याला पावसाळ्यात फार गर्दी होते. शनिवार-रविवारी तर भुशी धरणाच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. भिजलेल्या माणसाला गरम भजी लागतात, वडा लागतो. सकाळी चढलेली कढई रात्रीच उतरते. आपल्या मावळातले कितीतरी बायाबापडे या हॉटेलांत कामाला आहेत. कोणी घाणा काढतो, कोणी भांडी घासतो. हा पाठ आम्ही मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

रात्री कढई धुतात. खरकटे तेल, तूप, रश्श्याचा तवंग, सगळे गरम पाण्याबरोबर मोरीत जाते. मोरी स्वच्छ दिसते. मग ते तेल गेले कुठे?

थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते, हे आपण पाहतो. जमिनीखालच्या नळात असेच काहीसे घडते. पाणी गार झाले की चरबी नळाच्या अंगाला चिकटते. सिमेंटमधल्या चुन्याशी तिचा संयोग होतो आणि साबणाच्या वडीसारखा कडक थर बनतो. त्याला भाताची शिते, चहाचा चोथा, प्लास्टिकचे कागद चिकटतात. पुष्कळांची समजूत अशी की, भरपूर साबण व कढत पाणी ओतले म्हणजे काम झाले. तसे होत नाही. तेल फक्त पुढच्या आळीत ढकलले जाते आणि तिथे थिजते. इंग्लंडात लंडन शहराच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असा एक गोळा सापडला. तो २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता!

आता गटार तुंबले. ते मोकळे कोण करणार? हॉटेलचा मालक काही खाली उतरत नाही. बंद गटारात विषारी वायू साठतो. त्याला कुजक्या अंड्यासारखी घाण येते; पण तो फार झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. संरक्षणाची साधने न देता माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा कामात मृत्यू आला तर घरच्यांना ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. पैसे मिळतील हो, पण घरचा माणूस?

जे तेल गटारात अडत नाही, ते नाल्यातून नदीला मिळते. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते आणि लोणावळा, कामशेत करीत देहू-आळंदीला जाते. पाण्यावर तवंग आला की हवा पाण्यात नीट मिसळत नाही. मासे गुदमरतात.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. मोरी आणि गटार यांच्या मध्ये एक टाकी बसवतात. हॉटेलवाले तिला ग्रीस ट्रॅप म्हणतात. टाकीत पाणी संथ होते. तेल हलके, ते वर तरंगते. गाळ जड, तो खाली बसतो. बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड मधल्या पाण्यात बुडालेले असते, म्हणून मधले पाणी तेवढे पुढे जाते. पण टाकी बसवली आणि विसरून गेले, तर ती भरते. मग तेल जसेच्या तसे गटारात! टाकी असून नसल्यासारखी.

सरकारच्या पर्यावरण नियमांत सार्वजनिक गटारासाठी मर्यादा आहे: एका लिटर सांडपाण्यात तेल-चरबी २० मिलिग्रॅमपर्यंतच. नदीनाल्यासाठी १०. हे डोळ्यांनी मोजता येत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. म्हणून तपासनिसाने पहिल्याने झाकण उघडून काठी घालावी. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून टाकीच्या खोलीचा चौथा हिस्सा झाला, की टाकी साफ करायची वेळ झाली. टाकी २४ इंच खोल असेल तर ६ इंच. हे गणित आपल्या वर्गातल्या कोणालाही येईल.

तपासणी मात्र न सांगता व्हावी. आम्ही जन्मभर शाळेत काढला. साहेब येणार असे आधी कळले, की त्या दिवशी फळा लखलखीत आणि हजेरी पूर्ण! हॉटेलचेही तेच. तपासायला यायचे तर ऐन पावसाळ्यात, सोमवारी सकाळी यावे. शनिवार-रविवारचा माल तेव्हा टाकीत असतो.

टाकीवरचा बोजा कमी करणे कामकऱ्याच्या हाती आहे. कढई धुण्याआधी रद्दी कागदाने पुसावी. ताटातले खरकटे ओल्या कचऱ्यात टाकावे. जळके तळणाचे तेल मोरीत मुळीच ओतू नये. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी व वापरलेले तेल परवानाधारकालाच द्यावे, असा नियम २०१९ पासून आहे. त्या तेलापासून गाड्यांचे इंधन बनते. तेव्हा मालकालाही चार पैसे सुटतात.

टाकीतून काढलेली घाण रात्री गुपचूप नाल्यात लोटणारेही आहेत. म्हणून मोरीशेजारी एक वही टांगावी आणि ती तपासनिसाने मागावी. नोंद अशी करावी:

तारीख १४ जुलै. वरचा थर ४ इंच. खालचा गाळ २ इंच. टाकी साफ केली. घाण नेणाऱ्याचे नाव व गाडीचा नंबर. काम करणाऱ्याची सही.