एम. कॉम.ला टॅक्सेशन घेऊ की कॉस्टिंग?

प्रश्न : मी यंदा बी. कॉम. झाले. एम. कॉम.ला आमच्याकडे टॅक्सेशन आणि कॉस्टिंग असे दोन विशेष विषय आहेत. घरचे म्हणतात टॅक्सेशन घे, ते काम कधी संपत नाही. मला मात्र कॉस्टिंगची गणितं सोडवायला आवडतात. निवड चुकली तर नोकरीवर परिणाम होईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : घरच्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. कोणताही विषय घेतला तरी नुसत्या एम. कॉम.वर सहीचा अधिकार मिळत नाही. कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही सीएची आणि कॉस्ट ऑडिटवर सीएमएची, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटची. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेटचा वाणिज्य विषय सगळ्यांना एकच, त्यात लेखांकनही येतं आणि करही. म्हणून रोज कोणतं काम करायला आवडेल, हे पाहून ठरवा.

कर सल्लागाराच्या ऑफिसात महिना तारखांवर चालतो. दरमहा विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत जातं, चौदाला २बी हे खरेदीवरच्या क्रेडिटचं पत्रक तयार होतं, वीसला करभरण्याचं विवरण ३बी. समजा, व्यापाऱ्याने लाखाचा माल घेऊन अठरा हजार जीएसटी दिला, पण पुरवठादाराने ते बिल चढवलंच नाही. मग ते २बीत दिसत नाही, क्रेडिट अडकतं आणि फोनवर पाठपुरावा करायचा तो तुम्ही. शिवाय कायदा सतत बदलतो. १९६१चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा लागू झाला, त्यामुळे सीनिअरच्या जुन्या नोट्सवर अवलंबून राहू नका. तारखा पाळणारी, माणसांशी न कंटाळता बोलणारी व्यक्ती या कामात चांगली रमते.

कॉस्टिंगचं उदाहरण तुमच्या भागातच आहे. साखर कारखान्यात एकाच उसातून साखर, मळी, बगॅस (उसाचा चोथा) आणि प्रेसमड निघतात. ऊसदर, तोडणी-वाहतूक, गाळप हा खर्च सगळ्यांचा मिळून होतो. तो वाटायचा कसा? यातलं बगॅस बॉयलरमध्ये जळतं, त्यावर सहवीजनिर्मिती होते आणि उरलेली वीज विकली जाते. बगॅसची किंमत शून्य धरली तर वीज स्वस्त आणि साखर महाग दिसते. बाजारभाव लावला तर चित्र उलटतं. कारखाना तोच, पैसाही तेवढाच, पण कोणता विभाग तोट्यात आहे याचं उत्तर या एका आकड्यावर बदलतं. हे वाचून पुढचा प्रश्न विचारावासा वाटला असेल, तर कॉस्टिंग तुमचंच आहे.

कॉस्टिंगला नोकरी नाही, ही समजूत मला पटत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४८ खाली साखर, औषधं, खतं, वीज अशा क्षेत्रांत ठरावीक उलाढालीवरच्या कंपन्यांना परिव्ययाच्या (कॉस्टच्या) नोंदी ठेवाव्याच लागतात. सहकारी कारखान्यांना ते कलम लागू नाही, पण बगॅसचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

अजून एक वाट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणासाठी पदवी, जीडीसी अँड ए (शासकीय सहकार व लेखा पदविका) परीक्षा, लेखापरीक्षणाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असेल तर प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, विकास सोसायट्या यांची गावोगाव संख्या पाहता मराठी मुलामुलींनी जीडीसी अँड ए परीक्षा जरूर द्यावी. विशेष विषय कोणताही असो, ही वाट खुली राहते.

माझं स्पष्ट मत : कॉस्टिंग घ्या. पदवी असल्याने सीएमएच्या इंटरमिजिएटला थेट प्रवेश मिळतो, त्याची नोंदणी एम. कॉम. करतानाच करा. टॅक्स मात्र अजिबात सोडू नका. सुट्टीत कराडातल्याच एखाद्या कर सल्लागाराकडे बसून ३बी स्वतः भरायला शिका. आणि फॉर्मवर विषय लिहिण्याआधी दोन्ही विषयांच्या मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून एकेक गणित सोडवून बघा.