हातातले कसब आणि नवे यंत्र



वसई पूर्वेला वालीव, सातीवली, गोखिवरे या पट्ट्यात लहानमोठे कारखाने आहेत आणि आपल्या धर्मग्रामातील बरेच हात तिथे यंत्रांवर राबतात. घरभेटींच्या वेळी चाळिशीतल्या टर्नर बांधवांकडून आम्ही एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत ऐकतो. कारखान्यात सीएनसी आली, जुनी लेथ कोपऱ्यात गेली, आता आपले काय? ‘देव पाहून घेईल’ एवढे बोलून उठणे आम्हांला पटत नाही. म्हणून आजचा पाठ नव्या कसबाविषयी.

आधी यंत्र समजून घेऊ. साध्या लेथवर टूल सरकवणारा कारागिराचा हात असतो. सीएनसीवर तेच काम लिहिलेल्या आज्ञांनी होते. ‘जी००’ म्हणजे टूल झटकन जागेवर ने, ‘जी०१’ म्हणजे ठरावीक गतीने सरळ कापत जा, ‘एम०३’ म्हणजे स्पिंडल फिरव. एक्स ही व्यासाची दिशा, झेड लांबीची. सुरुवातीच्या कामाला पुरतील एवढ्या आज्ञा वहीच्या एका पानावर मावतात.

उदाहरण घेऊ. ५० मिलिमीटर लांबीत व्यास ३० वरून ४० मिलिमीटरवर न्यायचा आहे, म्हणजे टेपर काढायचा आहे. टर्नर काय करतो? व्यासांतला फरक १०, त्याचा अर्धा ५, भागिले ५० म्हणजे ०.१; त्यावरून कोन सुमारे ५.७ अंश. तेवढी कंपाउंड स्लाइड वळवायची आणि टूल हाताने न्यायचे. सीएनसीला कोन सांगावाच लागत नाही. टूल एक्स ३०, झेड ० वर आणायचे आणि पुढच्या ओळीत एक्स ४०, झेड उणे ५० लिहायचे. मधली तिरकी रेघ यंत्र स्वतः जुळवते. ज्याने आयुष्यभर कोन मोजले, त्याला हे दोन बिंदू कळायला कितीसा वेळ लागणार?

मात्र इथे एक फसगत होते. ऑपरेटर जॉब चढवतो, बटण दाबतो, माप घेतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट देतो, पहिला जॉब पास करून घेतो. प्रोग्रामर ड्रॉइंग पाहून आज्ञा लिहितो. पगार साधारण याच क्रमाने चढतो. बटण दाबणे थोड्या दिवसांत जमते आणि पुष्कळ जण तिथेच वर्षानुवर्षे अडकतात. वर जायचे तर सेटरचे काम शिकावे, आणि त्यात जुन्या टर्नरचे पारडे जड आहे. जॉब चकाबाहेर फार लांब राहिला की तो थरथरतो, हे त्याला आवाजावरून कळते. बाहेरचा व्यास ०.०२ मिलिमीटर जास्त आला तर ऑफसेटमध्ये उणे ०.०२ भरायचे, हे कोणीही पाठ करील. पण तो इन्सर्ट झिजल्यामुळे वाढला, की जॉब गरम असतानाच मोजल्यामुळे तसा दिसला, हे ओळखायला लेथवर घालवलेली वर्षे लागतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ॲरिस्टॉटलचा एक विचार भेटला, तो इथे चपखल बसतो. घरे बांधूनच माणूस गवंडी होतो. पण वाईट बांधत राहिला तर वाईट गवंडी होतो, म्हणून शिकवणारा लागतो. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष यंत्रावर किती तास मिळतील? एका यंत्रामागे किती जण? नुसते स्क्रीनवर दाखवून चकचकीत प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. मुंबईत चुनाभट्टी येथे केंद्र सरकारची ‘आयडेमी’ ही संस्था असे अभ्यासक्रम घेते, तिथे चौकशी करावी. आयटीआय न करता कामावरच शिकलेल्यांच्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत आली, तिचीही माहिती घ्यावी.

पण आकड्यांपेक्षा मान आडवा येतो, असे आम्हांला दिसते. ज्या पोराला आपण चक घट्ट करायला शिकवले, तोच आज ‘काका, असं नाही, आधी झीरो घ्या’ म्हणतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ हे विश्वपत्र लिहिले. श्रमाचे मोल मुख्यतः तो करणारा माणूस आहे यावरून ठरते, काम कोणते यावरून नव्हे, असे ते सांगतात. मग पोराला विचारल्याने काकांचे काय कमी होणार? (हे विश्वपत्र आपल्यातील कारखानदार बांधवांनीही वाचावे. वीस वर्षांच्या टर्नरला नव्या यंत्राजवळ फिरकू न देता माल उचलायला लावणे शोभत नाही.)

घरच्यांनी संध्याकाळी तासभर टीव्ही बंद ठेवावा. तीन पायऱ्यांचा एक शाफ्ट वहीत काढावा: व्यास २०, ३०, ४०. शाळेत आलेखावर बिंदू मांडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे, कारण एक्स आणि झेड हे तसेच बिंदू आहेत. बापाने ओळी लिहाव्यात आणि लेकराने त्या वाचत कागदावर बोट चालवावे. ‘जी००’ च्या ओळीत बोट जॉबच्या आत घुसले, तर कारखान्यात तिथे टूल मोडले असते.