शब्दांची मोजदाद : कोल्हापूरचा कॉर्पस आणि आपले इंग्रजी

नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गातील एक विद्यार्थी मुलाखतीहून परत आला तो खाली मान घालूनच. वाणिज्य शाखेत प्रथम वर्ग, हिशेबात तरबेज. पण 'आय वॉन्ट टू डिस्कस अबाऊट माय प्रोजेक्ट' एवढे म्हणताच समोरचे गृहस्थ हसले आणि पुढचे सारे त्याच्या घशातच अडकले. "सर, माझे चुकले काय?" असे त्याने विचारले. 'डिस्कस'पुढे 'अबाऊट' लागत नाही, असे आम्ही सांगितले. "का लागत नाही?" या त्याच्या पुढच्या प्रश्नाला मात्र 'तसा नियम आहे' यापलीकडे आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख त्या 'का'साठी लिहिला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, संगणक आणि इंग्रजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रफिती आणि मोबाइलवरचे धडे येतात. आपल्या जिल्ह्याला तर त्याचा अभिमानच आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, त्यात पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. परंतु भाषेच्या अभ्यासात संगणकाचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे भाषा मोजणे. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

याची सुरुवात अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात झाली. नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा या प्राध्यापकांनी १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या मजकुरातून ५०० उतारे निवडले, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे. वर्तमानपत्रे, सरकारी कागद, शास्त्रीय निबंध, कथा, कादंबऱ्या असे सर्व प्रकार त्यांत होते. हे दहा लाख शब्द त्यांनी संगणकात भरले. अशा संग्रहाला 'कॉर्पस' म्हणतात. पुढे ब्रिटिश इंग्रजीचाही तसाच संग्रह झाला.

आणि त्याच साच्यावर भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला, तो दिल्ली-मुंबईत नव्हे, तर कोल्हापुरात! शिवाजी विद्यापीठातील प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मजकुरातून ५०० उतारे घेतले गेले. १९८६ मध्ये हे काम पूर्ण झाले आणि नॉर्वेतील बर्गेन येथील केंद्रामार्फत 'कोल्हापूर कॉर्पस' याच नावाने जगभरच्या अभ्यासकांच्या हाती गेले. परदेशी साचा जुळवताना अडचणीही आल्या. साहसकथा आणि विज्ञानकथा इंग्रजीतून लिहिणारे भारतीय लेखक त्या काळी थोडे, म्हणून त्यांचा वाटा कमी करून सर्वसाधारण कथा-कादंबऱ्यांचे उतारे वाढवावे लागले.

त्या काळी सोलापूरची महाविद्यालये शिवाजी विद्यापीठालाच जोडलेली होती. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले ते २००४ मध्ये. म्हणजे हे काम आपल्याच विद्यापीठात झाले. तरीही आमच्यापैकी इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेल्यांनीसुद्धा त्याचे नाव कित्येक वर्षे ऐकले नव्हते, याची खंत वाटते.

मोजल्याने काय कळते? ब्राउनच्या दहा लाख शब्दांत एकटा 'द' हा शब्द ६९,९७१ वेळा येतो, म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सुमारे वीस-एकवीस वेळा. अवघे १३५ शब्द घेतले की निम्मा मजकूर भरतो! आमची मुले रात्र रात्र जागून शब्दकोशातले अवघड शब्द पाठ करतात आणि अडखळतात ती या १३५ जणांपाशी. 'द', 'ऑफ', 'टू', 'इन' यांच्यापाशी. हा काही बुद्धीचा दोष नाही. मराठीत 'द'सारखे उपपद नाही, आणि इंग्रजीत नामाच्या आधी सुटे येणारे शब्द मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय होऊन नामाच्या मागे लागतात.

आता त्या विद्यार्थ्याचे वाक्य पाहू. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो. 'विषयी' म्हणजे 'अबाऊट'. झाले, 'डिस्कस अबाऊट'. माणूस माझ्या'वर' रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन मी'. एखादी'शी' लग्न होते, म्हणून 'मॅरीड विथ'. पुण्या'ला' पोहोचतो, म्हणून 'रीच्ड टू पुणे'. प्रत्येक चुकीमागे मराठीचा एकेक प्रत्यय उभा आहे. सोलापुरात तर कित्येक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांच्या चुकांचे मूळ त्या भाषांतही शोधावे लागेल.

शिवाय या चुकीला इंग्रजीतूनही आधार मिळतो. कॉर्पसमध्ये शब्द शोधला की संगणक तो शब्द मधोमध ठेवून, तो जिथे जिथे आला त्या सर्व ओळी एकाखाली एक मांडतो. 'डिस्कस'च्या ओळी वाचत गेले की त्या क्रियापदापुढे थेट कर्म येते, हे दिसते. 'डिस्कशन' या नामापुढे मात्र 'अबाऊट' चालते, 'टॉक' आणि 'स्पीक' यांच्यापुढेही चालते. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने तर्क बरोबर केला होता, फक्त भाषा त्या वाटेने गेली नव्हती. हे त्याला ओळी दाखवून सांगितले असते, तर पाठांतराची गरज पडली नसती. आजकालचा मोबाइल 'अबाऊट' आपोआप खोडून देतो खरा, पण मुलाखतीत तो सोबत नसतो.

मग भारतीय इंग्रजीतले जे जे वेगळे ते सारे चूकच का? आमचे मत तसे नाही. 'लाख' आणि 'क्रोर' हे शब्द भारतीय वर्तमानपत्रांच्या इंग्रजीत सर्रास येतात, त्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. 'टुडे ओन्ली' यात आपला 'आजच'मधला 'च' बसला आहे; आपसांत बोलताना तो खुशाल असावा, अर्जात नसावा. 'डिस्कस अबाऊट' मात्र मुलाखतीत टाळावे हेच बरे, कारण तेथे नोकरी पणाला लागलेली असते आणि ऐकणारा भाषाशास्त्र शिकलेला असेलच असे नाही.

कोल्हापूरच्या संग्रहाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. त्यात १९७८ चे छापील इंग्रजी आहे. त्या वर्षी या देशात इंग्रजीतून छापून येत होते ते कोणाचे? गिरणीतल्या कामगाराचे नव्हते, हातमागावर बसणाऱ्याचे नव्हते, वस्तीतल्या मुलाचे तर नव्हतेच. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले २००० साली. तेव्हापासून घरात प्रथमच इंग्रजी शिकणारी जी मुले शाळेत गेली, त्यांचे इंग्रजी त्या संग्रहात कसे असणार?

ते आपणच गोळा करू शकतो. जपानमधील वासेदा विद्यापीठाचे लॉरेन्स अँथनी यांनी केलेला 'अँटकाँक' हा प्रोग्राम मोफत मिळतो आणि साध्या संगणकावर चालतो. आपल्या मुलांचे निबंध टंकलिखित करून त्यात घातले, की 'द' कुठे गळतो आणि 'ऑन' कुठे जादा येतो, ते ओळीओळीने समोर येते. मग वर्गात कोणते धडे आधी घ्यायचे, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

यासाठी सभासदांच्या पाल्यांनी आणि इतर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक इंग्रजी निबंध अभ्यासवर्गात आणून द्यावा, अशी विनंती आहे. विषय कोणताही चालेल. कागदावर नाव घालू नये. इयत्ता आणि घरी बोलली जाणारी भाषा तेवढी लिहावी. निबंध मोठ्या भावाकडून, शिक्षकांकडून किंवा मोबाइलवरून तपासून आणू नये. जसा लिहिला तसाच, खाडाखोडीसह हवा आहे.