मृगाच्या चांदण्या

मृग लागला की आपल्या वैजापूर-गंगापूरकडे तिफणी बाहेर निघतात. पण मृगाच्या पावसात मृगाच्या चांदण्या कुणी पाहिल्यात का? दिसायच्याच नाहीत! ७-८ जूनच्या सुमारास सूर्य त्यांच्या बाजूला येतो. मग त्या दिवसा वर असतात, उजेडात लपतात. हिवाळ्यात रात्री पाहा. एका ओळीत तीन चांदण्या दिसतील. तो हरणाला लागलेला बाण.

जुन्या माणसांनी आभाळ पाहून पेरणीचा हंगाम बसवला. सूर्य तिथे ठरल्या दिवशी येतो. पाऊस येईलच असे नाही. पंचांगातले बेडूक, म्हैस हे वाहन हिशेबाने काढतात, ढग पाहून नव्हे.

मी मास्तर, तरी एका साली मृग साधायला कोरड्यातच बाजरी पेरली. पाऊस लांबला. बी गेले, दुबार पेरणी पडली. आता वीतभर ओल झाल्याशिवाय मी तिफण धरत नाही.