त्या चाळीस हजारांबद्दल

परंडा,
गुरुवार, रात्री

चि. बबलूस,


आक्काचा फोन येऊन गेला. तिचं बोलणं तुला माहीत आहे; आधी पावसाचं, मग शेरडांचं, आणि फोन ठेवता ठेवता खरं काय ते. म्हणाली, बबल्या पुण्यात कुणाकडून तरी चाळीस हजार व्याजानं उचलणार आहे, गाण्याच्या कसल्याशा 'प्लगिन'साठी. बार्शीच्या तुझ्या दोस्ताकडून तिच्या कानावर आलं. उचलणार आहेस की उचललेसुद्धा, एवढं मला आधी कळव. फोनवर तू 'हो हो' म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसलोय.

व्याजानं आपल्या घराचं काय केलं ते तुला नव्यानं सांगायला नको. सीनेकाठची ती पट्टी आता कुणाच्या नावावर आहे, ते गावी आलास की तुला दिसतंच.

तू पाठवलेलं गाणं ऐकलं. हेडफोनवर, दुकानातल्या स्पीकरवर, शेवटी मोबाइलवर. आवाज वाद्यांच्या मागे दडलाय आणि 'स' आला की कान झोंबतात. तू म्हणशील, म्हणूनच तर महागातलं प्लगिन पाहिजे. अरे, तुझ्या त्या रीपर सॉफ्टवेअरसोबत जे आलंय त्यातलं तू उघडून तरी कुठं बघितलंयस? रीआ-ईक्यू लाव आणि 90 हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पासनं काढून टाक. तिथं तुझं गाणं नाही, पंखा आणि रस्ता आहे. मग 250 ते 400 च्या दरम्यान जिथं घोगरं वाटेल तिथं तीनेक डेसिबल उतरव. उघड्या भिंतींच्या छोट्या खोलीत हे साचतंच. आणि हे सगळं वाद्यं चालू ठेवून कर. आवाज एकटा सोलो करून कितीही गोड केलास तरी ढोलकी आली की तो परत बुडतो.

रीआ-कॉम्पमध्ये अटॅक तू शून्याजवळ ठेवला असणार, म्हणून 'ट' नि 'क' बोथट झालेत. 10-15 मिलिसेकंद ठेव, रेशो 3 ला 1, आणि थ्रेशोल्ड एवढाच की वरच्या सुरांना चार-पाच डेसिबल दाब बसेल. त्याच्याही आधी, जिथं आवाज पडतो ती ओळ हातानं उचल आणि जिथं ओरडलायस ती हातानं उतरव. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं मिक्सिंग तेच. 'स-श'साठी रीआ-एक्सकॉम्प घे, 5 ते 8 हजार हर्ट्झचा पट्टा तेवढा दाब. झालं. यात चाळीस हजार कुठं बसतात ते मला दाखव.

रीपर करणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे विनअँप करणारा. विनअँपवर माझ्या दुकानानं किती वर्षं काढली ते तू बघितलंयस. रीपरच्या साठ दिवसांच्या फुकट मुदतीत तू किती दिवाळ्या घातल्यास ते विचारत नाही. साठ डॉलरचं लायसन मी घेऊन देतो. पण व्याजाचा पैसा नको.

'सैराट'चं तू मला दहादा ऐकवलंस. करमाळ्याकडचा नागराज मंजुळे, आपल्या शेजारचा, आणि अजय-अतुलनी त्याच्यासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्डिंग केलं. खरंय. पण तिथं समोर अख्खा सिंफनी वाद्यवृंद बसला होता. तुझ्यासमोर एक माइक आहे. त्याच्यामागे दोन गोधड्या टांग, पंखा बंद कर, 'भ' नि 'फ'चा वारा बसू नये म्हणून माइक जरा तिरका धर. घाम येईल, येऊ दे.

आपल्या आण्णांच्या आवाजाला गावात मुलूखमैदान म्हणायचे. ती तोफ 1632 मध्ये विजापूरला गेली ती आपल्याच किल्ल्यातून, म्हणून आण्णांना त्या नावाचा भारी अभिमान. त्यांची एकच कॅसेट उरलीय, सप्त्यातल्या भजनाची. तेव्हा इको नवीन होता. ज्याच्या मशीनला इको तो मंडपवाला मोठा. मी नुकतंच दुकान टाकलेलं, नॉब पार उजवीकडे. एकेक शब्द तीन-तीनदा येतो, आणि गर्दीतले लोक मला 'वा' म्हणत होते! गेल्या वर्षी ती कॅसेट संगणकात घेतली. खरखर रीआ-फरच्या सबट्रॅक्टनं बरीच गेली. इको जाईना. सोलापूरला एकाकडे पैशाचं सॉफ्टवेअरही लावून बघितलं. इको थोडा कमी झाला, आणि त्याबरोबर आण्णाही. तुझ्या आईनं एकदाच ऐकलं, परत लाव म्हणाली नाही.

म्हणून सांगतो, कोरा आवाज 24 बिटमध्ये वेगळा जपून ठेव. रिव्हर्ब त्याच ट्रॅकवर लावून पक्का करू नकोस. वेगळ्या ट्रॅकवर ठेव, सेंड दे. उद्या मत बदललं तर काढता येईल. व्याजाचं तसं नसतं रे.

बोललो जास्त. गाणं वाईट नाही, हे आधी सांगायला पाहिजे होतं. दुसऱ्या अंतऱ्यात 'माय' म्हणताना सूर किंचित हलतो. तिथं तू रीआ-ट्यून लावून तो सरळ केलायस, कळतं मला. काढ ते. आण्णासुद्धा तिथंच हलायचे.

दिवाळीला ये. किल्ल्यात जाऊ, दगडी कमानीखाली एक खणखणीत टाळी रेकॉर्ड करू. ती फाइल रीआ-व्हर्बमध्ये घातली की तिथला घुमारा तुझ्या आवाजाला लागतो. फुकट. असला घुमारा पुण्यातल्या तुझ्या दोस्तांकडे नसणार.

आणि पैसे घेतलेच असतील तर आकडा आहे तसा सांग, व्याजासकट. माझ्याकडे बिशीचे येणार आहेत, काहीतरी करू. आक्काला मी काही बोलणार नाही. परवा फोनवर तुझा आवाज बारीक वाटला, जेवणाची आबाळ चाललीय का? मेसचं परवडत नसेल तर तेही सांग, लाजू नकोस. मी बारापर्यंत दुकानातच असतो. कधीही फोन कर.

तुझा,
मामा